मखमलचे केस

४ फेब्रुवारी

—गोठा झाडला, पाणी भरलं, पाला टाकला, आणि मग केस उपटायला बसले. मागच्या मंगळवारची सकाळ. रोजच्यासारखीच! पण डोक्यातून जात नाही. चीजवाल्यांची तक्रार होती—तुमच्या दुधाचं चीज धड धरत नाही, कुठल्या तरी शेळीत खोट आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक शेळीचे मुळासकट केस मागितले. वेगळ्या पाकिटात, वर नाव. शेजारी जाऊबाई हसत होत्या, "शेळ्यांची वंशावळ काढतात म्हणे! माझी माहेरची कुणी विचारली नव्हती."

माझ्या मखमलच्या पाकिटात मी त्यांच्या टिपकीचे केस घातले. टिपकीच्या पाकिटात मखमलचे.

लिहिलं एकदाचं.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचं पत्रक तिसऱ्यांदा वाचलं. अवघड शब्द दोनदा. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, त्याच्यामुळे दूध घट्ट धरतं. त्यातला एक प्रकार काही शेळ्यांत बनतच नाही. आईकडून एक वाटा येतो, बापाकडून एक. दोन्ही शून्य आले की संपलं. कितीही चारा घाला!

तसल्या शेळीचं दूध चीजवाले घेणार नाहीत. मग तिला पोसणार कोण? खाटीक.

मखमलचं दही महिनाभर पाण्यासारखं लागतंय. वाटलं, तीच असणार. ह्यांनी तिला बाटलीनं पाजून वाढवली. शेवटी ह्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं, तेव्हा तिच्या दुधाचे चार घोट ठरायचे. तिला कशी पाठवू?

११ फेब्रुवारी

निकाल नाही. घास उतरत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, परीक्षा शेळ्यांची आहे. तू का वाळतेस?"

१५ फेब्रुवारी

आला. मखमल—शून्य-शून्य. टिपकी—उत्तम.

म्हणजे खरं उलटं. खोट टिपकीत, आणि मखमल चांगली! मीच माझ्या हातानं तिच्या गळ्यात हे अडकवलं.

दह्याचं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, थंडी आहे, तिचं दूध आटत आलंय. दही बिघडायला शंभर कारणं!" हे आधी विचारायला काय झालं होतं मला?

जाऊबाई धावत आल्या. माझा हात धरून रडल्या. "भाऊजींचा जीव होता गं तिच्यात. रडू नको. टिपकीचं दूध दोघी घेऊ."

मी मान हलवली. नुसती मान हलवली!

१६ फेब्रुवारी

खाटीक परवा येणार. गप्प बसले तर मखमल जाणार, आणि चीज तरी कुठे धरणार आहे. बोलले तर टिपकी जाणार. जाऊबाईंची तेवढी एकच दुभती.

हे असते तर म्हणाले असते, "एवढं वाचतेस, आणि अक्कल कुठे ठेवलीस?" हसत म्हणाले असते. त्या हसण्याचीच आज भीती वाटते.

१८ फेब्रुवारी

काल सकाळी जाऊबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "खाटकाकडे जायची ती माझ्या गोठ्यातून जाईल, तुमचं दूध तुटणार नाही." मग टिपकीला सोडून माझ्या गोठ्यात आणली, आणि मखमलला त्यांच्या खुंट्याला बांधून आले.