सुईखाली कापड नव्हतं

आई, तू जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज पारगावात मी तुझी मशीन ऐकली. घर परकं होतं, पण आवाज तोच. तुला माहीत नाही, आता कापडी पिशव्यांवरच माझा संसार चालतो. कापलेलं कापड टेम्पोतून घरोघर देतो, आठवड्यानं शिवलेल्या पिशव्या गोळा करतो. बंदाच्या टोकाला चौकोन, चौकोनात फुली, हा तुझा टाका मी प्रत्येक बाईला स्वतः शिकवतो. "वझं तितंच येतं," हे तुझं वाक्यही सोबत देतो. बाया हसतात, "भाऊ, तुमी शिंपीणच व्हायला पायजे व्हतं."

आज त्या दारात पोचलो तेव्हा मशीन नुसती धडधडत होती. कापड शिवताना सुई दबकं बोलते. ही कोरडी खडखडत होती. ओट्यावर माझ्याकडच्या शिवणाऱ्या बाईची सासू पायडल मारत बसलेली. पाय न थांबवता म्हणाली, "या पावणं, पिशव्या व्हतच आल्यात." मी म्हटलं, "मावशी, सुईखाली कापड कुठंय?" तिनं मान खाली घातली, पाय थांबले, आणि आतलं ऐकू आलं. अंगावर लाकूड बसतं ना, तो आवाज. आत शिरलो तर कपडे धुवायच्या धोपाटण्यानं तिचा लेक बायकोला हाणत होता. ती भिंतीशी मुटकुळं करून, केस रक्तानं चिकटलेले. मी धोपाटणं हिसकावलं, आणि मग थांबलो नाही, आई. गुडघ्यावर मारलं, पडल्यावर पाठीवर, हातांवर. त्याचं बोट मोडलं तेही मला ऐकू आलं. बरं वाटलं. शेवटी तीच ओरडली, "भाऊ, सोडा, मरंल त्यो!"

दोघांनाही टेम्पोत घालून मंचरला दवाखान्यात नेलं. तो पलीकडच्या खाटेवर कण्हतोय, इकडे तिच्या डोक्याला टाके पडतायत, आणि ती मला विचारते, "तुमाला कसं कळलं, भाऊ? शेजारपाजारच्यांना वरीसभर कळलं न्हाई." मी हसून म्हटलं, "कान लई तिखट हायेत माझे."

लोणीच्या आपल्या घरात तात्या तुला मारायला आतून कडी घालायचे, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. उसाच्या मोळ्या ट्रॉलीवर फेकायचो. बाप असले तरी तात्यांना एका हातानं धरलं असतं. पण मी ओसरीवर तुझ्या मशीनवर बसून रिकामं पायडल मारायचो, तुझं ओरडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. शेजारची काकू कुंपणावरून म्हणायची, "लई काम आलंय वाटतं आज!" मी म्हणायचो, "व्हय काकू, बाजाराच्या पिशव्या." सकाळी तू सुजलेल्या बोटांनी बॉबीनखाली झालेला दोऱ्याचा गुंता कात्रीच्या टोकानं सोडवत बसायचीस. डावा कान तोवर गेलाच होता तुझा. एकदा मान वर न करता विचारलंस, "त्येच बसवत्यात ना रं तुला मशीनवर?" मी मान डोलावली. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तात्यांनी मला कधीच बसवलं नव्हतं, आई. मला लोकांची लाज वाटायची. मीच बसायचो.