अमाय काय म्हणाली

मासव्हिंगो, सरकारी दवाखाना
४ जून १९९१

ती. मुकोमा ओनियास यांस,
धाकट्या बहिणीचा पडल्या पडल्या नमस्कार. साष्टांग जमत नाही. आठांपैकी एक अंग प्लास्टरमध्ये आहे.

वि. वि. मी पळून गेले असं तुम्ही गावभर सांगता म्हणे. पळायला पाय लागतो, मुकोमा. दुकानवाल्या माय गुंबोंनी मला गाढवगाडीत घालून बसपर्यंत पोचवलं. एप्रिलात कणसं उतरवताना मी बैलगाडीवरून पडले, तेव्हा नडगी मोडल्याचा आवाज तुम्हीही ऐकलात. तरी तुम्ही दवाखाना सोडून आपल्या मेळ्याच्या प्रेषित एनोकनाच बोलावलंत. चाळीस दिवस पाणी शिंपडलं, गोटे बांधले, माझ्याकडून पापं वदवून घेतली. शेवटी पापं संपली म्हणून मी दोन खोटी सांगितली. पाय मात्र बैलाच्या शिंगासारखा वाकडा जुळला.

इथल्या डॉक्टरांनी तो पुन्हा मोडून सरळ केला, आत पोलादाची पट्टी बसवली. एकदाही माझं पाप विचारलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा प्रार्थना करायला तोंड उघडलं, तर आत काहीच नव्हतं. म्हणून पाणी मागितलं. तेव्हापासून मी मेळ्यात नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या देवळातही जाणार नाही. अमाय माझीही आई आहे, हे तिला नीट वाचून दाखवा. तिला अक्षर कळत नाही म्हणून मधल्या ओळी गाळू नका. ती काय म्हणते ते कळवा.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलात तर दुसराही पाय मोडायचा.
तुमची मुचानेता


गुटू
१७ जून १९९१

चि. मुचानेता हिस,
आशीर्वाद द्यावा का, हे मेळ्याच्या वडीलमंडळींना विचारलं. अर्धा द्यायला हरकत नाही म्हणाले, तो पोचला असे समजावे.

तुझ्या पायात नांगराचा फाळ घातला हे ऐकून इकडे सगळ्यांची करमणूक झाली. देवाने दिलेलं हाड तुला पुरलं नाही. प्रेषित म्हणाले, गोट्यांत काही उणं नव्हतं, तुझ्या विश्वासात होतं. शनिवारी झाडाखालच्या प्रार्थनेत तुझं नाव मेळ्याच्या यादीतून खोडलं. तुझा प्रार्थनेचा पांढरा झगा आता माझी बायको घालते. तिला तो बरा दिसतो.

अमायला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला एकच मूल, ओनियास. मुचानेता नावाची कुणी आठवत नाही. तिनं इकडे तोंड दाखवू नये. हे तिचेच शब्द, मी एकही वाढवलेला नाही.

सुधारलीस तरच माया राहील.
तुझा थोरला भाऊ, ओनियास


मासव्हिंगो
२ जुलै १९९१

मुकोमा,
आज नमस्कार नाही.

अमायचे शब्द पोचले. तुम्ही किती चवीनं लिहिलेत ते अक्षरावरून कळलं. तुमचा एनोक, तुमची यादी, तुमचा अर्धा आशीर्वाद, सगळं त्या झग्यात गुंडाळून तुमच्या बायकोच्या डोक्यावर ठेवा. मला त्याचं काही नाही. अमायचं आहे.

पत्र आल्यावर आठ दिवस मी पाय जमिनीला लावला नाही. चालवायला येणारी बाई कुबड्या ठेवून परत जायची. मग आली टेटे केटियो. हो, बाबांची तीच बहीण, जिचं नाव आपल्या घरात वीस वर्षं घेतलं नाही. मेळ्यातल्या एका म्हाताऱ्या वडीलधाऱ्याची चौथी बायको व्हायला नाही म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. ती इथंच बाजारात टोमॅटो विकते. माय गुंबोंनी तिला कळवलं. आता रोज संध्याकाळी ती डब्यात मक्याच्या पिठाचा साड्झा आणि शेंगदाण्याच्या वाटणातली भाजी आणते, आणि मी जेवेपर्यंत मेळ्यातल्या एकेकाची अशी नक्कल करते की परिचारिकाही दारात थांबतात.

मी तिला सांगितलं की देव गेल्याचं दुःख नाही, पण शनिवारी सकाळी गळ्यात गाणी येतात आणि मला स्वतःची लाज वाटते. मला वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली की तिलाही पहिली पाच वर्षं तसंच व्हायचं, बाजारात उभं राहून रडू यायचं. गाणी गाणाऱ्यांची असतात, एनोकच्या बापाची नव्हेत. तिनं कुबड्या माझ्या काखेत दिल्या आणि स्वतःच सुरू केलं. बेसूर गाते. एका कडव्याला मी सहा पावलं टाकली.

पुन्हा लिहू नका. लिहायचंच असेल तर नवी शिवी शोधा, जुन्या पाठ झाल्या.
मुचानेता


गुटू
२० जुलै १९९१

लाडके मुचानेता,
अक्षर माय गुंबोंचं, बोलणं अमायचं. तुझ्या डोक्यावरून हात फिरवते असं समज.

माय गुंबो काल टेटेला भेटून आल्या आणि ओनियासनं माझ्या नावानं तुला काय लिहिलं ते मला सांगितलं. पोरी, मी तसं काही बोलले नाही. तुझं पहिलं पत्र त्यानं मला वाचून दाखवलंच नाही. ती शहरात मजेत आहे, आपली चौकशीसुद्धा करत नाही, असं म्हणाला. मी रोज विचारत होते, हाड जुळलं का, जेवते का. तो म्हणायचा, कळवलं आहे.

आज शनिवारी झाडाखाली सगळ्यांसमोर उभी राहिले. सांगितलं की मी दोन मुलांना जन्म दिला, एक लंगडत घरातून गेली आणि दुसरा खोटं लिहितो. यादीतून कुणाला खोडायचं ते तुम्हीच ठरवा. एनोक घसा खाकरत बसले. मी अजून प्रार्थना करते, मुचानेता, ती काही सुटायची नाही. तुझ्यासाठीच करते, चालत असेल तर चालवून घे. बुधवारच्या बसने येते. भुईमूग आणते.
अमाय


मासव्हिंगो
३० जुलै १९९१

ती. मुकोमा ओनियास यांस,
कुबड्यांवर उभी राहून नमस्कार. वाकता मात्र येणार नाही.

अमाय सुखरूप पोचली. टेटे आणि ती वीस वर्षांनी समोरासमोर आल्या, आधी भांडल्या, मग एकाच परातीत भुईमूग सोलत बसल्या. रात्री अमाय माझ्या खाटेशी गुडघे टेकते. मी तोवर प्लास्टर निघालेला पाय चोळते. परत ये, असं तिनं एकदाच म्हटलं. मी नाही म्हणाले. बरं म्हणाली, आणि टाक्यांचे वण मोजू लागली.

पण मोजताना बोटानं चाचपत होती. मी विचारलं, तर दोन वर्षं नीट दिसत नाही म्हणाली. एनोकनी तेही पापच ठरवलं होतं म्हणे, आणि तुम्ही तिला कुणालाही सांगू दिलं नाहीत. डॉक्टरांनी पाहिलं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. मंगळवारी पहिला काढतील, महिन्याने दुसरा. कुणाला तिला न्यावं लागलं नाही, नाव द्यायला स्वतः रांगेत जाऊन उभी राहिली.

तोवर साड्झा तुम्हीच ढवळा. परत आली की तिला तुमचा चेहरा स्वच्छ दिसेल. तिच्याकडे बघून काय सांगायचं, ते आत्तापासून ठरवून ठेवा.

काळजी घ्यावी. हे अमायने लिहायला सांगितलं, म्हणून लिहिलं.
मुचानेता