ज्वारीच्या कोठीतलं पत्र

चौसाळा, १० नोव्हेंबर

चि. अभिमन्यूभाऊजी यांस सुरेखावहिनीचे अ. आ. वि. वि.

लढाई लागली, तुमचा मोबाइल छावणीत जमा झाला आणि तेव्हापासून आपल्या घरात पोस्टमनला जावयाचा मान आलाय. आम्ही सगळे खुशाल. आईंचा गुडघा तेवढा थंडीनं कुरकुरतो. रोज संध्याकाळी भोंगा वाजला की गावभर दिवे मालवतात, आणि शाळेतली पोरं बाकाखाली शिरायला शिकलीत.

काल ग्रामपंचायतीत तुमच्या सायलीचा सत्कार झाला. साडी, नारळ, पुढाऱ्यांची भाषणं. तिनं गावाची मान ताठ केली म्हणे! तिनं केलं काय, तर सात महिन्यांमागं तुमच्याशी लग्न. माझी खुर्ची पाहुण्यांना लागली, मग मी मागं उभी राहून तिची पर्स सांभाळली. आता दुधावरची साय तिच्या वाटीत. आई तिला कामाला हात लावू देत नाहीत. हसून लिहिते, पण खोटं कशाला लिहू, लई जळते मी.

तुमच्या दादांच्या तर परळीच्या वीज केंद्रात सगळ्या रजा बंद. काल अकरा दिवसांनी आले ते कानात कोळशाची राख घेऊनच. सत्कार चालू असताना भिंतीला टेकून झोपी गेले, तर एका पुढाऱ्यानं विचारलं की हा पिऊन आलाय का. आज सकाळच्या एसटीनं परत गेले. त्यांच्या हातात कुणी नारळ ठेवील का हो?

जिवाला जपा, आणि या तिखट वहिनीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुरेखावहिनी


सीमेवरून, २२ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस अभिमन्यूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. दादाच्या हातात नारळ मी ठेवीन. आमचे सुभेदारसाहेब सांगत होते, याला सर्वंकष युद्ध म्हणतात. पूर्वी फौज लढायची आणि गाव वाट बघायचं. आता वीज, रेल्वे, शेत, एवढंच काय, माणसांची मनंसुद्धा लढाईत ओढली जातात, आणि त्यातलं जे कच्चं असेल ते आधी फुटतं. वीज म्हटल्यावर मला दादाच आठवला. खरं सांगू, त्याचा हेवा वाटतो. राखेनं माखून का होईना, तो तुमच्या हातची भाकर खायला घरी येतो.

एक विचारतो, रागावू नका. मी एक तारखेला सायलीला पत्र टाकलं होतं. महिनाभर मागच्या तळावर आहे, टीव्हीवरचं काही खरं धरू नको, उलट टपाली चार ओळी लिही, असं. तिचं उत्तर नाही. इथं टपाल वाटताना सगळ्यांची नावं पुकारतात, माझं फक्त तुमच्या पत्रापुरतं एकदाच. सत्काराच्या गर्दीत तिला नवरा कशाला आठवेल, असं नको ते मनात आलं. परवा पुढच्या चौकीसाठी माणसं मागितली, तेव्हा त्या रागात हात वर केला. उद्या निघतो. आईला कळू देऊ नका.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
अभिमन्यू


चौसाळा, ३० नोव्हेंबर

चि. अभिमन्यूभाऊजी यांस अ. आ. वि. वि.

हे पत्र वाचून तुम्ही मला वहिनी म्हणाल की नाही, माहीत नाही.

तुमचं पत्र नऊ तारखेलाच आलं होतं. सत्कारावरून परतले आणि पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. सायली शेजारणींना साडी दाखवत होती. मनात आलं, एवढं सगळं तिचं, वर हेही तिलाच? ज्वारीच्या कोठीत खाली दडपून टाकलं. उद्या देईन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला पानभर लिहिलं, त्यातही त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

मग टीव्हीवर तुमच्याच भागातल्या तोफा दाखवू लागले. सायलीनं जेवण सोडलं. पोस्टमनची सायकल वाजली की ती धावायची, आणि मी तवा घासत बसायची. नऊ दिवस, भाऊजी. नवव्या दिवशी ती चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली की, ताई, मला तुमचा लई हेवा वाटतो, तुमचा माणूस एसटीतून उतरतो तरी. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. उठले, कोठीतून पत्र काढलं, आणि दिलं. मीच लपवलं होतं म्हणून सांगितलंही. तिनं शिक्का बघितला, बोटांवर दिवस मोजले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्याच दिवशी तिनं तुम्हाला उत्तर टाकलंय, तिचा काही दोष नाही.

सुभेदारसाहेबांना सांगा, जे कच्चं होतं ते चौसाळ्यात फुटलं. चौकीवरून मागं या. क्षमा मागत नाही, फक्त या.

सुरेखा


पुणे, लष्करी दवाखाना, १९ डिसेंबर

ती. सौ. ताई यांस सायलीचा सा. न. वि. वि.

यांची तब्येत सुधारतेय. उजव्या हाताची दोन बोटं गेली, बाकी जीव सुखरूप. माझं उत्तर यांना चौकीवर मिळालं, ते जखमी व्हायच्या आदल्या दिवशी. तुमचं पत्र मागून फिरत फिरत इथं आलं. हाताला पट्टी, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं.  हे म्हणाले की, हात वर मी केला होता, वहिनींनी नाही. मी म्हटलं, तो तुमचा हिशेब, माझे नऊ दिवस वेगळे.

मोठे भाऊजी कशीबशी दोन दिवसांची रजा काढून आले आणि बाकावर बसल्या बसल्या झोपले. शेजारच्या खाटेजवळच्या बाईनं विचारलं, हे पण जखमी आहेत का? मी सांगितलं, हे आमचे थोरले, लढाईवरच असतात, परळीला.

माझा राग गेलेला नाही, ताई. तो लिहून जाणारा नाही, तुमच्यासमोर बसूनच काढीन. आईंना यातलं काही बोलू नका, हे आपल्या दोघींतच राहू द्या.

तोवर मला पत्र लिहा. इथं टपाल थेट माझ्याच हातात पडतं.

तुमची,
सायली