आडव्या बाटलीच्या घरातली बिअर

आई,

परवा बाबांना फोन केला आणि सांगितलं, इथल्या बिअरच्या एका छोट्या कारखान्यात मला नोकरी मिळतेय, घेऊ का. ते म्हणाले, "मला काय विचारतेस? तिला विचार." तू होतीस तेव्हा शाळेच्या सहलीपासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत प्रत्येक गोष्टीला ते हेच म्हणायचे. तुला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, तरी त्यांच्या तोंडून ते आपसूक निघालं. म्हणून विचारायला बसले आहे.

मी मेलबर्नमध्ये आहे, पॉइंट कुकला. घरमालक भारतात अडकलेत, त्यामुळे सगळं घर माझ्या एकटीच्या ताब्यात आहे आणि मी त्यात खोलीतून किचनमध्ये, किचनमधून गॅरेजमध्ये फेऱ्या मारते. कोरोनाचं लॉकडाऊन आहे, पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, रात्री बाहेर पडायचं नाही. विमानांत जेवण पुरवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये मी होते. विमानं थांबली, नोकरी गेली. बागेतल्या झोपाळ्यांना पट्ट्या बांधल्यात, पण दारूची दुकानं उघडी आहेत. कचऱ्याची गाडी रिकाम्या बाटल्यांचे पिवळे डबे उलटे करते तेव्हा अख्ख्या गल्लीत काचांचा आवाज होतो, आणि दर आठवड्याला तो मला जास्त मोठा वाटतो. मी खिडकीत उभी राहून विचार करते, यातल्या कुठल्या घरात कुणी बाई दार लावून घेत असेल. सवय तुझीच.

मुलाखत पडद्यावर झाली. तिथली मुख्य ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारी, एक बाई आहे. डिग्री, अनुभव वगैरे ऐकून तिने विचारलं, कधी बिअर केली आहेस का? मी म्हटलं, केलीही नाही आणि प्यायलेही नाही. ती हसली नाही. म्हणाली, घरी एक साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, करून बघ, अमेरिकन पद्धतीची, भरपूर हॉप्सची फुलं घालून. तयार अर्कापासून नको, धान्यापासून कर. मग मला फक्त काय चुकलं ते सांग.

ते चुकायला वेळ लागला नाही. सामान मागवताना साइटवर विचारलं होतं, धान्य भरडून हवं की अख्खं. मी अख्खं मागवलं. दळलेलं विकत आणायचं नाही, हे तूच अंगात भिनवलंस. अंगणवाडीला येणारं तयार पीठसुद्धा तू बोटांत चोळून, वास घेऊन मगच पोरांसाठी शिजवायचीस. तर मोड आणून वाळवलेले पाच किलो जव मी मिक्सरला लावले, मोटार तापली की थांबत, दुपारभर, आणि पिठासारखं बारीक झालं म्हणून स्वतःवर खूश झाले. मग ते गरम पाण्यात कालवून तोटीच्या एस्कीत झाकून ठेवलं. एस्की म्हणजे इथे सहलीला बर्फ नेतात ती जाड पेटी, ती आतली ऊब धरून ठेवते. तासाभरात धान्यातल्या पिठाची साखर होते आणि तो गोड रस खालून काढून घ्यायचा असतो. मी तोटी उघडली. चार थेंब आले आणि बंद.

शेजारच्या म्हाताऱ्यापर्यंत वास गेला होता. तोही घरी बिअर करतो. मास्क वर ओढत तो कुंपणापाशी आला, मी पेटी तिरकी करून दाखवली. "यू हॅव मेड पॉरिज, मेट," तो म्हणाला, म्हणजे लापशी केलीस. कशात दळलंस, म्हणून विचारलं आणि मिक्सर हा शब्द ऐकून त्याने डोळे मिटून घेतले. दाणा नुसता फुटायला हवा, टरफल शाबूत राहायला हवं, कारण टरफलांचीच गाळणी होते, असं त्याचं म्हणणं. मग गॅरेजमधून एक पिशवी आणून कुंपणावर ठेवली आणि नियमाप्रमाणे मागे सरकला. पिशवीत भाताचं तूस होतं. आपल्याकडे वीटभट्टीवर जाळतात तेच, धुऊन, छापील पिशवीत घालून. ते ढवळून घातलं, थोडा वेळ बसू दिलं, आणि रस वाहायला लागला.

त्या रसाचा वास नाचणीच्या सत्त्वाचा होता, आई. तू नाचणी भिजवतेस, फडक्यात बांधतेस, मोड आले की सावलीत वाळवतेस, भाजतेस, दळतेस. अंगणवाडीतल्या हाडं दिसणाऱ्या पोरांना वाटी वाटी पाजतेस आणि एखादं पोर तोंड फिरवायला लागलं की म्हणतेस, "पी रे राजा, तुझ्या बापाला मिळत नाही असलं." इथपर्यंत तुझं काम आणि माझं काम एकच होतं. पुढे मी रस उकळायला ठेवला आणि त्यात हॉप्स घातले, कडूपणासाठी सुरुवातीला, वासासाठी शेवटी. पपनसाची साल सोलावी तसा वास घरभर सुटला. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

गावात दारूच्या दुकानाचं मतदान लागलं त्या वर्षी मी आठवीत होते. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. अंगणवाडी सुटली की तू घरोघर जायचीस, मी तुझ्या मागे. ओट्यावरच्या बैठकीत सरपंचांची भावजय सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझा नवरा कारखान्यात दारूच गाळतोय की गं. आधी त्याला घरी बसव, मग आमची दुकानं बंद कर." बायका हसल्या. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, कारण ते खरं होतं. बाबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते, मळीचा वास अंगाला घेऊन यायचे आणि तू त्यांना परसात गरम पाणी काढून द्यायचीस. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "गाळतोय. आणि मी बंद पाडतेय. दोन्ही माझ्याच घरातलं आहे. तू शिक्का कुठं मारणार ते सांग."

निकाल लागला त्या संध्याकाळी तू कपाळभर गुलाल घेऊन आलीस आणि तशीच चुलीपाशी बसलीस, कारण बाबांची रात्रपाळी होती. त्यांनी डबा घेताना विचारलं, "आडवी?" तू म्हणालीस, "आडवी." "बरं झालं," ते म्हणाले, आणि सायकल काढून डिस्टिलरीत कामाला गेले. डब्यात शिरा होता. तुम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

पुढे बारावीत मला सगळं कळायला लागलं होतं. मी म्हटलं, बाबांनी ती नोकरी सोडायला हवी, हे दुटप्पी आहे. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सोडतील. मग तू कॉलेजचं नाव काढू नकोस." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी कॉलेजला गेले. आपल्या घरातली पहिली पदवी आली तेव्हा तू नव्हतीस, आणि ती कशावर उभी आहे हे तुझ्याशी कधीच नीट बोलून झालं नाही.

आता तेच विचारायचं आहे. ते दोन्ही एका घरात ठेवून तू निवांत कशी झोपायचीस? की झोपायची नाहीसच, आणि मला दिसलं नाही? मी स्वतःला सांगून पाहते की मी बाटली भरणार नाही, लॅबमध्ये यीस्ट बघणार आहे. बाबाही कधी बाटली भरत नव्हते. मी सांगून पाहते की ही बिअर आहे, देशी नाही, लोक जेवणाबरोबर एक ग्लास घेतात. मग गाडी येते, डबे उलटे होतात. बाबा फोनवर म्हणाले, त्यांच्या जुन्या डिस्टिलरीतून आता सॅनिटायझर निघतं, अख्खा तालुका हाताला चोळतो. किती अभिमानाने सांगत होते. तीस वर्षांत आपल्या घरात त्यांना त्यांचं काम असं मोकळेपणी सांगता आलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

यीस्ट घालून आंबवलेली माझी बिअर पंधरा दिवसांनी बाटल्यांत भरली, आणखी पंधरा दिवस ठेवली. थोडी गढूळ झाली, पिठामुळे. ठरवलं होतं की एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, नोंद करायची, थुंकायचा. कामापुरतं. म्हाताऱ्याने कुंपणापलीकडे आपला ग्लास उंच केला. मी घोट घेतला. आधी पपनस, मग कडू, आणि शेवटी अगदी मागे ते भाजलेलं गोड धान्य. मी ग्लास संपवला. आवडली मला. दुसरा ओतला तेव्हा तुझी आठवण झाली, असं लिहिलं तर खोटं होईल. ती नंतर झाली, ग्लास धुताना.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून ठेवीन. पण तुझ्यापाशी एवढं तरी खरं बोलायला हवं. त्या बाईला काय चुकलं ते मी सांगितलं, ती म्हणाली सोमवारी ये, आणि मी तिथल्या तिथे हो म्हणाले. बाबांना फोन त्यानंतर केला. त्यांना विचारलं ते नुसतं विचारल्यासारखं होतं. तुलाही.