कान तुटलेल्या कपांतला पुदिना

अगं,

रात्रपाळी करून आलीस, म्हणून उठवलं नाही. पुदिन्याचे उरलेले कप घेऊन मी चर्चला पुढे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, तू आणि माझा लेक जेवूनच या.

चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांना चर्चचं नाव छापलेली पेनं भेट देऊ, असं तिथले सेक्रेटरी म्हणत होते. तू मात्र घरोघरचे कान तुटलेले कप जमवलेस, त्यांत पुदिना लावलास, वर चिठ्ठी चिकटवलीस, 'पानं सुकली तर विचारायला या', आणि खाली आपला पत्ता. सगळे हसले. तू ते मनाला लावून घेतलंस.

तर ऐक. आज सकाळी दारात एक आजोबा उभे, गेल्या रविवारी पहिल्यांदा आलेले. एकटेच राहतात. हातात तुझा कप.

"पानं सुकतायत हो."

बघते तर रोप ठणठणीत! त्यांना नुसतं बोलायचं होतं. चहा पाजला, तासभर बसले.

निघताना म्हणाले, "आजही येतो उपासनेला. त्या कपवाल्या बाई तुमच्या कोण?"

आजवर मी सगळ्यांना 'मुलाची बायको' एवढंच सांगत आले. आज मोठ्यानं म्हटलं, "माझी सून आहे ती!" शेजारपाजारच्यांनीही ऐकलं असेल.

तुझी सासू