मिनिटाला चार क्लिक

छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२५

ती. अक्षदाताईस, गोकुळचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले आन मी आज लिहितोय. आजारी नव्हतो, काम पण नव्हतं. नुसतं टाळलं. तुझी साइट आणायला शहागंजला निघालो तर स्टँडवर माझा दोस्त हनुमान भेटला, त्याच्यासंगं पाचोडच्या बाजारात गेलो. तिथं एक वळू होता... जाऊ दे, तू अजून चिडशील.

काल गेलो एकदाचा. तिथल्या जुन्या-नव्या सामानाच्या चाचाच्या दुकानात रायफलीच्या मागल्या साइट दोनच होत्या. एक जुनी, रंग उडालेली. एक नवी, काळी कुळकुळीत. दोन्हींना तू नेम धरतीस तसलं बारीक भोक. तू लिहिलंवतं, मिनिटाला चार क्लिक पाहिजेत. मी मोबाइलवर घड्याळ लावलं आन साइटचं बटण फिरवलं. मिनिटात छप्पन्न झाले. हळूहळू फिरवून चारवर आणले. मग नवी घेतली. चाचा हसला, म्हणे हे मिनिट वेगळं. मी लई भांडलो. मिनिट काय शहागंजात वेगळं असतं व्हय?

राग नसला तर लोभ ठेव.
तुझा गोकुळ

पुणे
१३ जानेवारी

चि. गोकुळ यास आशीर्वाद, आज जेमतेमच.

माझ्या खोलीतल्या श्रेयानं तुझं पत्र नेमबाजीच्या अख्ख्या शिबिराला वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. अरे, वर्तुळाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातल्या एकाला मिनिट म्हणतात, आणि चार क्लिकला साइट तेवढी सरकते. तीनशे मीटरवर एका क्लिकनं गोळी बोटभरच सरकली पाहिजे. वीस क्लिक वर नेले, वीस खाली आणले, की साइट होती तिथंच परत यायला हवी. माझी येत नाही, म्हणून मागच्या वर्षी राज्याच्या संघातून दीड गुणानं गेले. २४ तारखेला पुन्हा निवड आहे. चकाकी बघून घ्यायला तो गॉगल आहे का?

हनुमानच्या बिडकीनच्या वर्कशॉपात जा. साइट शिकंज्यात धर, डायलचा काटा लाव आणि मोज. आबा तुला भटक्या म्हणतात तेव्हा मी भांडते. यापुढं भांडणार नाही.

शिबिरात मोबाइल जमा करून घेतलाय, पत्रानंच कळव.
अक्षदा

छत्रपती संभाजीनगर
२० जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र परवा मिळालं, काल बिडकीनला गेलो. नवी साइट वीस वर, वीस खाली केली. काटा तीन क्लिक अलीकडंच थांबला. पाचदा केलं, पाचदा वेगळ्या जागी. तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच शहागंजात गेलो, तर चाचा बदलून देईना. मग त्याच्याच पायरीवर बसलो आन येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कशी खोटी फिरते ते दाखवत राहिलो. तिसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं जुनी माझ्या हातात कोंबली. म्हणे, ले जा, मगर फिरको इदर आना नक्को.

जुनी पण वर्कशॉपात नेऊन मोजली. दहादा. काटा दहाही वेळा शून्यावर.

आता माझा राग ऐक. दीड गुणानं गेलीस तेव्हा तू आठ दिवस कुणाशी बोलली नाय. तुझ्या उशाशी कोण बसलंवतं? आन आता अख्ख्या शिबिरात माझं हसू करतीस. पार्सल उद्या टाकणार होतो, पण

थांब. फाटकाशी रिक्षा थांबली.

ताई, तूच उतरतीयस. रिक्षावाल्याशी तणतणत. निवडीला चार दिवस राहिले आन माझ्यावर भरोसा नाय म्हणून स्वतः आलीस. फाटकातूनच विचारतीयस, कुठली ठेवलीस. सांगत नाय. आधी पाणी पी, मग तूच फिरवून बघ.