सीलखालचा जोड

प्रति,
मा. वाहन व्यवस्थापन अधिकारी,
आरोग्य सेवा, विभागीय कार्यालय.

विषय : डोंगरी रुग्णवाहिकेच्या वायरिंगवरील सील उघडून बॅटरीच्या जादा चार्जिंगचा दोष तपासण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे गेल्या आठवड्यातील पत्र ("दोष सिद्ध झाल्याखेरीज सील उघडता येणार नाही").

महोदय,

नदीपलीकडच्या वरच्या वस्तीस रस्ता नाही. पाण्यातून आणि दगडगोट्यांवरून तेथवर पोहोचणारी आरोग्य केंद्राची एकच गाडी आहे आणि मी तिचा चालक आहे. आपल्या पत्राचा पूर्ण आदर राखून खालील वस्तुस्थिती आपल्यापुढे ठेवतो.

१. या गाडीत बॅटरी इंजिनजवळ नसून परिचारिकेच्या आसनाखाली आहे. चढावर इंजिन जोराने फिरू लागले की आसनाखालून सडक्या अंड्यासारखा वास येतो, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापते व तिच्या बाजू फुगतात. कार्यशाळेने यापूर्वी बॅटरी बदलून दिली. नवीही त्याच वाटेने गेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला. सदर परिचारिका माझी पत्नी आहे, हे मी आधीच नमूद करतो, म्हणजे मागाहून कोणी ते शोधून काढल्यासारखे होणार नाही.

२. कार्यशाळेत गाडी उभी ठेवून, इंजिन संथ चालवून, सर्व दिवे लावून तपासणी होते. त्या स्थितीत मीटर योग्य आकडा दाखवतो. तपासणी-पत्रकात "चार्जिंग होते काय?" एवढाच प्रश्न आहे. ते गरजेपेक्षा जास्त होते काय, हे विचारण्याची सोय नाही. कार्यशाळेचे अभियंता मला म्हणाले, "नाही लिहिलं तर खोटं ठरतं, होय लिहिलं तर गाडी पास होते. मी काय करू?" तरीही ते माझ्या विनंतीवरून मीटर घेऊन वरच्या वस्तीपर्यंत गाडीत बसून आले. साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ नये तो काटा चढावर सोळाच्या घरात गेला, तेव्हा त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितले. त्यांच्या मते वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरमध्ये दोष नसावा. बॅटरी किती भरली हे त्याला कळवणारी एक बारीक वायर आहे. तिचा जोड नदीच्या पाण्याने गंजला असावा. "पोट भरलं म्हणून सांगणाराच मुका झालाय. मग वाढणारा वाढतच राहणार," असे त्यांनी समजावले.

३. तो जोड ज्या पेटीत आहे, तिच्यावर रुग्णवाहिकेची बांधणी झाली तेव्हा आपल्या कार्यालयाने शिशाचे सील लावले आहे. दोष सिद्ध करण्यासाठी पेटी उघडावी लागते व पेटी उघडण्यासाठी दोष सिद्ध करावा लागतो. मी आपल्या कार्यालयात समक्ष येऊन हे निवेदन केले. तेथील लिपिक म्हणाले, "दादा, तुम्ही आधी दोष आणा." झाकणाखालचा दोष झाकण न काढता कसा आणू, असे विचारता ते म्हणाले, "ते परवानगी मिळाल्यावर बघू." त्यांनी मला चहा दिला. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

४. दरम्यान जादा वीज कोठेतरी खर्च व्हावी म्हणून मी भर दुपारी दिवे, कोरड्या काचेवर वायपर आणि उकाड्यातही हीटर चालू ठेवून गाडी चालवतो. वस्तीवरचे एक आजोबा गाडीतून उतरताना म्हणाले, "औषधाने नाही, पण घामाने ताप उतरला बघ." याच काळात, दिवसा दिवे लावून शासकीय साधनांचा अपव्यय केल्याबद्दल मला खुलासा विचारण्यात आला, हा परिच्छेद तोच खुलासा समजावा. आता हेडलाइटचे बल्बही उडू लागले आहेत. जितके बल्ब कमी, तितकी जास्त वीज बॅटरीत जाते.

५. पत्नीस मी मागे बसण्याची विनंती केली. स्ट्रेचरवरील रुग्णापर्यंत हात फक्त त्याच आसनावरून पोहोचतो. "मी मागे बसले तर सलाईन कोण धरणार, तुमचे साहेब?" असे ती म्हणाली. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी खिडक्या उघड्या ठेवतो. तिच्या पाठीशी ऑक्सिजनचे नळकांडे आहे. गाडी चालवताना माझे निम्मे लक्ष वाटेवर व निम्मे नाकात असते.

६. वरच्या वस्तीवर एका बाईचे दिवस भरत आले आहेत. तिच्या मागील बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, म्हणून या वेळी तिला रुग्णालयातच आणावे, असा डॉक्टरांचा आदेश आहे. तिची सासू दर खेपेस गाडीला हात लावून विचारते, "येईल ना रे ही?" मी "येईल, मावशी" म्हणतो आणि खाली आल्यावर पुन्हा आसन उचलून बॅटरी पाहतो. हल्ली जेवता जेवता उठूनही पाहतो. ही बॅटरी नदीच्या मध्यात फुटली, तर आतील माणसांचे काय होईल याचा विचार माझ्याच्याने पुरा करवत नाही. काम फार तर तासाभराचे आहे. परवानगी दूरध्वनीवरून दिली तरी

वरील वाक्य अपुरे राहिले, कारण वस्तीवरून निरोप आला आहे. कळा सुरू झाल्या आहेत.

आपल्या कार्यालयात मी दूरध्वनी केला. आपण बैठकीत आहात, असे कळले. त्यामुळे सील मी तोडले आहे. ते माझ्या पक्कडीने व माझ्या जबाबदारीवर तोडले. त्या वेळी कार्यशाळेतील कोणीही हजर नव्हते, असे मी लिहिणार होतो. परंतु अभियंत्यांनी तसे लिहिण्यास मला मनाई केली आहे. ते हजर होते. जोड हिरवा पडून भुगा झाला होता. त्यांनी वायर मागे सोलून नवा जोड बसवला. इंजिन पूर्ण जोरात चालवले असता काटा साडेचौदाच्या आत स्थिर राहिला. चढावरची खात्री अद्याप झालेली नाही. ती आता जाताना होईल. पत्नी तिच्या आसनावर बसली आहे व हॉर्न वाजवत आहे.

हा अर्ज अभियंता स्वतः आपल्याकडे आणून देत आहेत. माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती अवश्य व्हावी. फक्त ती गाडी परत आल्यानंतर सुरू करावी, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
(सही)
वाहनचालक, डोंगरी रुग्णवाहिका
दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत :
१. गंजलेला जोड, कागदात गुंडाळून.
२. तोडलेले सील (मूळ प्रत).